लोड किती?

नानांकडे लाईट असताना जाऊ नये. चहा मिळतो, पण नानांचं गप्पांत लक्ष नसतं. डोळे डोक्यावरच्या बल्बाकडे. जावं ते लाईट गेल्यावर. सारी आळी काळोखात चाचपडत असते आणि नाना पंख्याखाली बसून लग्नघरच्या यजमानासारखे "या, या" करत असतात. मात्र तुमच्या हातात मोबाईलचा चार्जर दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला. "लोड किती?"

तुमच्याही आळीत, सोसायटीत असा एक नाना असणारच, म्हणून जास्त ओळख करून देत नाही. आमचे नाना दापोलीचे, पोस्टातून निवृत्त. त्यांना जग वॅटमध्ये दिसतं. पंखा ७५, इस्त्री १०००, आणि गिझर ही तर त्यांच्या लेखी शिवीच. सुट्टीत नातीनं हेअर ड्रायर काढला. "लोड किती?" "आजोबा, केस वाळवायचेत." "१२०० वॅट! केस वाळायच्या आधी बॅटरी वाळेल." भजनी मंडळाला त्यांनी ओटी दिली, पण माइकला प्लग दिला नाही. विठ्ठलाला तसंही ऐकू येतं, म्हणाले, मग अँप्लिफायरचा लोड कशाला? डॉक्टरांनी रात्रीचं जेवण हलकं ठेवा असं सांगितलं, तेव्हा यांनी तिथेही तोच प्रश्न विचारला, अशी दापोलीत वदंता आहे. मला ती खरी वाटते.

बॅटरी १५० एएचची, ट्यूब्युलर, जिन्याखाली. "१२ व्होल्टला १५०नं गुण. १८०० वॅट-तास. त्यातले हजार-बाराशे आपले, उरलेले इन्व्हर्टर आणि नशीब खातं." चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, जवळ ज्योत नको. देवघर नेमकं शेजारी होतं. जागा बदलली ती देवांनी. खंडेनवमीला बॅटरीला हळद-कुंकू, झेंडूचा हार. फक्त टर्मिनलला कुंकू नाही, तिथे पेट्रोलियम जेली. फ्लोट खाली उतरला की डिस्टिल्ड वॉटर, तेही चष्मा लावून, धार बारीक धरून. "नळाचं घातलं तर काय होतं?" असं सहज विचारणाऱ्या जावयाशी नाना अख्खा गणपती बोलले नव्हते.

२००५ नंतरची काही वर्षं हा नानांचा सुवर्णकाळ. भारनियमनाचं वेळापत्रक कालनिर्णयच्या शेजारी टांगलेलं असे आणि संकष्टी चुकली तरी ते चुकत नसे. राज्यात हजारो मेगावॅटांची तूट होती आणि नानांच्या ओटीवर ११ वॅटचा सीएफएल शिल्लक होता. आळीतली दहावी-बारावीची पोरं त्याखाली अभ्यासाला बसत. नाना मधूनच येऊन पाहून जात. पोरांना नव्हे, बल्बाला.

मग ३ जून २०२० आला. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडात माड, पोफळी, विजेचे खांब, सगळे सारखेच आडवे झाले. लाईट यायला आठवडे लागले, आतल्या वाड्यांना त्याहूनही जास्त. इन्व्हर्टरची गोम तेव्हा सगळ्यांना कळली. लाईट नसताना चालणारं हे यंत्र चार्ज होतं लाईटवरच! "आता काय, नाना?" असं विचारायला काही जण मुद्दाम आले. (मीही त्यांत होतो, मजा बघायला.)

नानांनी इन्व्हर्टर बंद केला. नुसता चालू ठेवला तरी तो स्वतःच वीज खातो, हे त्यांना ठाऊक होतं. जुन्या जीपमधलं सॉकेट काढून त्यांनी थेट बॅटरीला जोडलं आणि शंभर पानी वही उघडली. नाव, वॅट, वेळ. टॉवरही झोपलेले, रेंजचा पत्ता नाही, तरी मोबाईल चार्ज करायला रांग. कशाला हवाय चार्ज, हे नानांनी कुणालाच विचारलं नाही. विचारलं ते एकच. आणि एव्हाना अख्खी आळी चार्जर उलटा करून, बारीक अक्षरं वाचूनच येत होती. "५ व्होल्ट, २ अँपिअर. १० वॅट, नाना."

एका रात्री पलीकडच्या काकू नेब्युलायझर घेऊन आल्या. "१४० वॅट... १० मिनिटं," धापा टाकत त्यांनी आपणहून सांगितलं. नानांनी सगळे चार्जर उपटले, इन्व्हर्टर सुरू केला आणि वहीत काकूंच्या नावापुढचा वॅटचा रकाना कोराच ठेवला. काकू मग रोज येत राहिल्या. बॅटरी साडेदहा व्होल्टच्या खाली नेली की तिचा जीव जातो, हे आम्हा सगळ्यांना नानांनीच पढवलेलं. खाली नेली, त्यांनीच. पुढे नवी घ्यावी लागली. तो खर्च वहीत कुठेच नाही. मी पाहिलं आहे.

आता मुलगा म्हणतो, पुण्याला या. त्याचा फ्लॅट बाविसाव्या मजल्यावर, लिफ्टसकट सगळ्याला जनरेटर. नाना गेले आणि मुक्काम अर्धा टाकून परत आले.

"अरे, तिथे लाईट गेलेली कळतच नाही. वॉचमनला विचारलं, जनरेटर किती केव्हीएचा? माहीत नाही. सेक्रेटरीला विचारलं, त्यालाही माहीत नाही. एवढी घरं, आणि एकाला आपला लोड माहीत नाही!" कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा आवाज लागला होता. चहाच्या कपावर साय धरली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. काय बोलावं, मला सुचेना.

तेवढ्यात वळवाचा वारा सुटला. कुठेतरी माडाची झावळी तारेवर पडली असावी. लाईट परत आली की "आली!" म्हणून सगळा गाव ओरडतो. "गेली!" म्हणून ओरडणारा माणूस आमच्याकडे एकच.

"गेली!" नाना ताडकन उठले. जिन्याखाली इन्व्हर्टरनं टक् केलं, पंखा फिरायला लागला, आणि माझ्याकडे वळून ते म्हणाले, "बघत काय बसलास? घरी फोन कर आधी, फ्रीजचं बटण बंद करायला सांग. येताना व्होल्टेज जास्त घेऊन येते ती!"