पाणबुड्या, मुक्काम पांढरकवडा

पांढरकवड्याहून सरळ रेषेत मोजलं तरी जवळचा समुद्र सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे, आणि तोही आंध्राच्या बाजूचा. गावाला पाणी म्हणजे खुनी नदी, सायखेड्याचं धरण आणि पावसाळ्यात रस्त्यावर साचेल ते. तरीही विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाप्रमाणे इथेही एक पाणबुड्या असतोच. त्याला पोहता येत नाही. वय पंचेचाळीस ते पंचावन्न, जिनिंगमध्ये भागीदारी, बाजारात एक कृषी केंद्र, हायवेला लागून दोन एकर आणि मनगटावर खोल समुद्रासाठी बनवलेलं स्विस घड्याळ. गाव त्याला भाऊ म्हणतं, आपणही भाऊच म्हणू. भाऊंपुढे एकच प्रश्न आहे: हातातलं रोलेक्स सबमरिनर देऊन ओमेगाचं सीमास्टर घ्यावं का? हा प्रश्न दिवाळीला निघतो, पोळ्यापर्यंत टिकतो आणि पुढच्या दिवाळीला ताजातवाना होऊन पुन्हा उभा राहतो. लोक याला खूळ म्हणतात. माझं म्हणणं उलटं आहे. भाऊंच्या आयुष्यात याच्याइतका शहाणा व्यवहार दुसरा नाही, आणि तो शहाणा राहिला आहे तो केवळ अजून पुरा न झाल्यामुळे.

दोन्ही घड्याळांची कुंडली भाऊंना तोंडपाठ आहे. झाक कुस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ साली पाठीवर हवेची टाकी बांधून बुडण्याचं यंत्र बनवलं. टाकीतली हवा मोजकी, तेव्हा खाली किती मिनिटं गेली हे कळणं जिवाशी आलं आणि घड्याळाला मिनिटं मोजणारी फिरती कडी, म्हणजे बेझल, आली. १९५३ साली रोलेक्सचं सबमरिनर निघालं, त्याच वर्षी ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्सही. ओमेगाचं सीमास्टर हे नाव १९४८चं, पण भाऊंच्या मनात भरलेलं ३०० मीटरवालं मॉडेल १९९३चं. 'डॉ. नो'मधला जेम्स बाँड सबमरिनर घालायचा, १९९५च्या 'गोल्डनआय'मधला सीमास्टर. म्हणजे भाऊंच्या मनात घोळणारी अदलाबदल खुद्द बाँडने करून दाखवली आहे, आणि हा दाखला भाऊ हमखास देतात. मात्र त्या अदलाबदलीला तेहतीस वर्षं आणि पाच नट लागले, हे ते सांगत नाहीत. उलट बाजूचा दाखला गावातच आहे. सबमरिनर निघालं तेव्हा पांढरकवडा मध्य प्रदेशात होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात गेला आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. सात वर्षांत अख्ख्या तालुक्याने तीन राज्यं पाहिली, त्याच्या कोणी इतक्या बैठका घेतल्याचं ऐकिवात नाही.

आता गुणांचा हिशोब मांडू. सबमरिनर ३०० मीटर खोलीचं, सीमास्टरही ३०० मीटरचं, म्हणजे बुडण्याच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, त्यानुसार लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाबाला घड्याळ तपासतात. सायखेड्याचं धरण काठोकाठ भरलं तरी या घड्याळाच्या लेखी तो घोटाभर ओढा. शेतातली विहीर पन्नास-साठ फुटांची. ३०० मीटर म्हणजे हजार फुटांच्या जवळ. तालुक्यात तितकं खोल जायची हिंमत फक्त बोअर करते, आणि बोअरच्या भोकात घड्याळ जाईल, भाऊ जाणार नाहीत. सीमास्टरला दहाच्या आकड्याशी हेलियमची एक वेगळी झडप असते. जे पाणबुडे दिवसचे दिवस हेलियम भरलेल्या दाबाच्या कोठडीत राहतात, त्यांच्या घड्याळात तो वायू शिरतो आणि दाब उतरताना काच उडवतो. तसं होऊ नये म्हणून ही झडप. भाऊंचा दाबाशी संबंध डॉक्टरांच्या पट्ट्यापुरता आहे, तरी ही झडप त्यांना हवी आहे. त्याच प्रमाणातली एक अट मात्र गावाला चपखल बसते: मिट्ट अंधारात पंचवीस सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे. रात्री लाइन गेली की ही परीक्षा घड्याळ नियमाने देतं आणि पास होतं. खऱ्या समुद्राशी गाठ पडते ती मे महिन्यात, तारकर्लीला. तिथे भाऊ हौसेने स्कूबाचे पैसे भरतात, आठ-दहा मीटर खाली जाऊन मासे बघून येतात, पण बोटीत चढण्याआधी घड्याळ उतरवून वहिनींच्या पर्समध्ये ठेवतात. "खाऱ्या पाण्यात कायले न्यायचं जी?"

यावर पहिला आक्षेप तयारच असतो: एवढं कळतं तर घालतात कशाला? मिरवायलाच ना! हा आक्षेप पुरावा न पाहता केलेला आहे. मिरवायचं तर बघणाऱ्याला कळायला हवं. पांढरकवड्यात फॉर्च्युनर कळते, बुलेट कळते, गळ्यातला गोफ तर लांबून कळतो. या घड्याळाकडे बघून विचारला जाणारा प्रश्न एकच, "भाऊ, सेलवर चालते का?" नाही, ते हाताच्या हालचालीवर चालतं, असं सांगितलं की समोरचा सहानुभूतीने मान हलवतो. बाजारातला घड्याळवाला तर मागचं झाकण बघूनच हात जोडतो. ओळखणारा माणूस कधीतरी भेटतो, तो टिपेश्वर अभयारण्यातला वाघ बघायला हैदराबादहून आलेला आणि सुन्ना गेटवर जिप्सीची वाट पाहत उभा असलेला. दोघं एकमेकांच्या मनगटाकडे बघतात, किंचित हसतात आणि वाघाबद्दल बोलतात. मिरवणुकीला एवढाच प्रेक्षक असेल तर ती मिरवणूक नव्हे, गुप्तदानच म्हणायचं. शिवाय भाऊंच्या शर्टाची बाही बघा. नागपूरच्या लग्नात ती दोन घड्या वर असते. कापसाचा हंगाम सुरू झाला की खाली येते आणि काट्यावर गाडी लागली की मनगटाचं बटणही लागतं. दाखवण्यासाठी घेतलेली वस्तू माणूस वर्षातले चार महिने लपवत नाही.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो, आणि भाऊ स्वतःही तोच पुढे करतात: ही गुंतवणूक आहे. इथे मात्र भाऊंच्या विरोधात बोलावं लागेल. अदलाबदलीत नागपूर-मुंबईचा व्यापारी दोनदा कमावतो, एकदा तुमचं घेताना आणि एकदा त्याचं देताना. खोका कुठे, कार्ड कुठे, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या कुठे, कडेला ओरखडा कसला, असं एकेक विचारत तो भाव उतरवत नेतो. कापसात हात खुपसून किडकी कवडी शोधणाऱ्या आणि तेवढ्यावर शंभर रुपये कापणाऱ्या भाऊंना ही विद्या नवी नाही. फक्त या वेळी कापूस त्यांचा आहे. त्यातच सरकारने पेच वाढवला. स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरणार असं ठरलं. म्हणजे थांबलं तर नवं स्वस्त पडेल. पण नवं स्वस्त झालं की भाऊंच्या हातातल्या जुन्याचाही भाव पडेल. आज द्यावं तर आजचे वरचे पैसे जास्त, उद्या द्यावं तर उद्याचा भाव कमी. ही गुंतवणूक नाही, हा गुंता आहे; आणि गुंता सोडवत बसणं हा भाऊंचा या घड्याळावरचा खरा परतावा आहे.

असं का, हे समजायला भाऊंचा दुसरा धंदा बघावा लागतो. कापसात भाऊंना स्वतःचा असा वेळ नसतो. दसऱ्यानंतर माल येऊ लागतो. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२च्या वर गेला की भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, गाडी परत पाठवते. जिनिंगच्या आवारात ढीग पडून राहिला तर आगीची धास्ती, गाठी बांधून ठेवल्या तर बँकेच्या व्याजाचं मीटर चालू. भाव ठरतो न्यूयॉर्कच्या वायद्यावर, सरकीचा ठरतो राजकोटच्या फोनवर, आणि उरलासुरला दिल्लीत. २०२५च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं, तेव्हा कोणी भाऊंना विचारलं नव्हतं. म्हणजे एकाच वर्षी एका शुल्काने भाऊंना बुडवायला घेतलं आणि दुसऱ्याने त्यांना घड्याळाची आशा लावली. या सगळ्या व्यवहारांत निर्णय दुसरे घेतात, भाऊ नुसते सही करतात. घड्याळाला ओलावा लागत नाही, ते तर ३०० मीटरची हमी घेऊन आलेलं. त्याला व्याज नाही, आग नाही, हंगाम नाही. विकणारा भाऊ, न विकणाराही भाऊच. जगात एवढा एकच सौदा असा आहे, की तो उद्यावर ढकलला तरी कोणी भाऊंचं नुकसान करू शकत नाही. तेव्हा बेझल अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ते कट-कट फिरवत बसतात. सबमरिनरच्या एका फेऱ्यात अशा १२० कटकट्या असतात. बेझल एकाच दिशेने फिरतं, कारण पाण्याखाली धक्का लागून ते सरकलंच तर वेळ जास्त झाल्यासारखी दिसावी, म्हणजे माणूस लवकर वर येतो. चूक झाली तरी ती जीव वाचवणाऱ्या बाजूला व्हावी, अशी सोय त्यात केली आहे. कापसाच्या धंद्यात ही सोय कोणी केलेली नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे आणि त्यावर कोटी करून सुटता येणार नाही. पांढरकवडा ज्यात येतो त्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशाने शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून ऐकलं. २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. शंभर क्विंटलचे ८ लाख ११ हजार होतात, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला शंभर क्विंटल कापूस पिकवायला कित्येक हंगाम लागतात. अशा ठिकाणी लाखांचं घड्याळ घालावं का? माझ्या मते घालू नये, आणि बाहीचं बटण सांगतं की भाऊंचंही मत फार वेगळं नाही. पण हा आक्षेप घड्याळ घेण्यावर आहे, ते न बदलण्यावर नाही. जे झालं ते झालं. आता अदलाबदल केली तर वरचे पैसे तालुक्याबाहेर जातील, नाही केली तर गावातच राहतील. नुसत्या विचाराने कोणाच्या मापात कमी पडत नाही. उलट संध्याकाळी कृषी केंद्राच्या बाकावर बसून भाऊ तारखेची खिडकी हवी की नको यावर तासभर बोलतात, तेव्हा ऐकायला बसलेल्यांना चहा मिळतो आणि उधारीची आठवण कोणी काढत नाही. तारखेचं म्हणाल तर दुकानात 'कालनिर्णय' टांगलेलं आहे आणि पीककर्जाची तारीख विसरण्याची मुभा इथे कोणालाच नाही.

शेवटचा आक्षेप वहिनींचा, आणि तो घरातल्या घरात असल्यामुळे सगळ्यांत रोखठोक: "एकदाचं घेऊन टाका नं, म्हणजे डोक्याचा ताप तरी जाईल. आन् हो, त्याच्यात वाजले किती ते तं सांगा." वाजले किती, याचं उत्तर भाऊ मोबाइल बघून देतात, कारण रविवारी घड्याळ काढून कपाटात ठेवलं होतं. सबमरिनर एकदा भरलं की सत्तर तास चालतं, आणि भाऊंची उजळणी त्याहून लांबते. पण वहिनींच्या मुद्द्यात एक गफलत आहे. घेऊन टाकल्याने ताप जात नाही, त्याची बाजू बदलते. सीमास्टर घरी आलं की पहिले दोन दिवस डायलवरच्या लाटा बघण्यात जातील. तिसऱ्या दिवशी भाऊंना सबमरिनरचं साधं काळं तोंड आठवेल. चौथ्या दिवशी ते परत मिळवायला वरचे किती पडतील याची चौकशी सुरू होईल, आणि या खेपेला पडतं माप भाऊंचं असेल. आज त्यांच्या हातात एक घड्याळ आहे आणि मनात दुसरं. बदलल्यावरही तेवढीच राहतील, फक्त मधल्यामध्ये व्यापाऱ्याची दोनदा कमाई होईल. बाँडला हे परवडलं, कारण त्याला पदरचे पैसे घालावे लागत नव्हते.

तेव्हा भाऊंना सल्ला एवढाच. दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठा, सीमास्टर हातावर चढवून बघा, खोका-कार्ड टेबलावर मांडा, पोटभर भाव करा. समोरचा शेवटचा आकडा बोलला, की जिनिंगच्या काट्यावर शेतकरी जे वाक्य मनात धरतो आणि त्याला कधीच बोलता येत नाही, ते तुम्ही मोठ्याने बोला, "नाही जमत जी, माल घरी नेतो." आणि जेवणाच्या वेळेपर्यंत पांढरकवड्याला परत या.