थंड हवेचे ठिकाण

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर जुलै महिन्यात थंड हवा दोनच जागी सापडते. एक मॉलमध्ये, आणि दुसरी आमच्या मस्टँगरावांच्या एक्सेल शीटमध्ये. त्यांचं खरं नाव सांगत नाही. अल खोबरमधल्या मराठी बिऱ्हाडांत ते याच नावाने ओळखले जातात आणि त्यांनाही ते मनापासून आवडतं. मूळ गाव सांगलीकडचं, शिक्षणाने इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, नोकरी जुबेलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात. दाराशी २०१८ ची मस्टँग जीटी, पाच लिटरचं व्ही-एट इंजिन, ४६० घोड्यांची ताकद. कामावर मात्र ते कंपनीच्या बसने जातात. ही गोष्ट आधीच सांगून टाकली, कारण पुढचं वाचताना ती लक्षात असलेली बरी.

मस्टँगरावांचा विषय एकच. कोल्ड एअर इनटेक. म्हणजे गाडीचा मूळचा हवेचा डबा आणि नळी काढून त्या जागी बाजारातला मोठा फिल्टर आणि रुंद, गुळगुळीत नळी बसवायची, की इंजिनाला गार हवा जास्त मिळते आणि घोडे वाढतात. नवा माणूस घरी आला, की त्याच्या हातात पाण्याचा ग्लास द्यायच्या आत ते सुरू करतात, "इंजिन म्हणजे शेवटी काय हो? हवेचा पंप!" एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. पाच लिटरचं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला पंधरा हजार लिटर हवा ओढतं. "पेट्रोलचं काय घेऊन बसलात? पंच्याण्णव नंबरचं इथे २ रियाल ३३ हलाला लिटर. आपलं अडतं ते हवेपाशी!"

हे सगळं खरं आहे, आणि तीच पंचाईत आहे. माणूस थापा मारत असता तर उठून जाता आलं असतं. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांची हवा ४५ वर गेली, की तेवढ्याच जागेत सहा टक्क्यांहून थोडी जास्त हवा कमी मावते. अमेरिकन कंपन्या जाहिरातीत जे घोडे छापतात, ते २५ अंशांचा हिशेब धरून. खोबरमध्ये उन्हाळ्यात २५ अंश फक्त एसीच्या रिमोटवर दिसतात. मस्टँगरावांनी ४६० ला सहा टक्क्यांनी गुणलं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली. "सत्तावीस घोडे! शोरूमच्या दारातूनच पळाले!" चोरीची तक्रार कुठे नोंदवायची, एवढंच विचारायचं ते बाकी ठेवतात.

मग सुरू झाली तुलना. लग्नाच्या मुलासाठी स्थळं पाहणारी आई जशी वही ठेवते, तशी त्यांची ती शीट आहे. फिल्टर तेल लावलेल्या सुती जाळीचा की कोरड्या कृत्रिम धाग्याचा? नळी अॅल्युमिनियमची की प्लास्टिकची? (अॅल्युमिनियम दिसतं देखणं, पण तापतंही लवकर.) फिल्टर उघडा की बंद डब्यात? बसवल्यावर इंजिनाच्या संगणकाला नव्याने शिकवणी लागते की नाही? के अँड एन ही १९६९ पासूनची कॅलिफोर्नियातली कंपनी, घराणं चांगलं, पण फिल्टर तेलाचा. एईएम कोरडी. एएफई दोन्ही पद्धतींचे देते, म्हणजे निर्णय पुन्हा आपल्यावरच. एअरेडची बाजूही ते पुष्कळ दिवस हिरिरीने मांडत होते. मग एका शुक्रवारी दुपारी त्यांना कळलं, की एअरेड आणि एईएम ही दोन्ही नावं के अँड एननेच विकत घेतलेली आहेत. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं वहिनी सांगतात. संध्याकाळपर्यंत मात्र शीटमध्ये 'मालकी' नावाचा नवा रकाना उघडला होता.

असा माणूस प्रत्येक मराठी वसाहतीत एक तरी असतो. कुणी वॉटर प्युरिफायरची तुलना करतो, कुणी म्युच्युअल फंडांची, कुणी मुंबईच्या विमान तिकिटांची, आणि शेवटी मे महिन्यात सगळ्यात महाग तिकीट काढून जातो. वस्तू घेतली की तुलना संपते, म्हणून ही मंडळी घेण्याची घाई करत नाहीत. यात मला काही गैर वाटत नाही. परदेशात संध्याकाळ लांब असते.

त्यांना मूळ प्रश्न विचारायची सोय नाही. बाहेरच ४६ अंश असतील, तर नळी कितीही रुंद घ्या, आत ४६ चीच हवा येणार ना? यावर ते इंजिनाच्या खोलीतल्या उष्णतेकडे बोट दाखवतात. सिग्नलला उभ्या गाडीत बॉनेटखाली सत्तरच्या घरात तापमान जातं, ती हवा टाळायची आहे. बरोबर. पण मस्टँगचा कारखान्याचा डबासुद्धा पुढच्या जाळीतून, बाहेरचीच हवा घेतो. म्हणजे थंड हवेची सोय गाडीबरोबर फुकट आलेली आहे. उलट बाजारातला उघडा फिल्टर नीट झाकला नाही, तर तोच बॉनेटखालची भट्टी ओढत बसतो. हे बोललं की मस्टँगराव तुमच्याकडे करुणेने पाहतात. "अहो, कंपनीचा डबा आहे तो," एवढंच म्हणतात. त्या 'कंपनीचा' या शब्दात त्यांच्या जुबेलच्या बसचाही राग असावा.

शिवाय आमची हवा नुसती गरम नाही, ओलीसुद्धा. शेजारच्या धहरानमध्ये ८ जुलै २००३ रोजी दवबिंदू ३५ अंशांवर गेला होता आणि जगातल्या सर्वाधिक नोंदींत तो अजून सांगितला जातो. अशा हवेत पाच टक्क्यांवर नुसती वाफ असते. तेवढा प्राणवायू बाहेर उभा राहतो. मस्टँगरावांनी हे ऐकून 'आर्द्रता' हा रकाना उघडला.

आणि धूळ! जूनमध्ये शमाल वारा सुटला की समोरची इमारत दिसत नाही. या धुळीत तेलाचा फिल्टर घ्यावा की कोरडा, यावर त्यांचे दोन उन्हाळे गेले. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसायची भीती. सुती जाळी हवा मोकळी सोडते, पण बारीक धूळही थोडी जास्त सोडते. साधा कागदी फिल्टर धूळ उत्तम अडवतो, पण तो कंपनीचा. बाहरीनला २००४ साली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा ट्रॅकवर वाळू येऊ नये म्हणून आजूबाजूच्या वाळवंटावर चिकट द्रव फवारला होता. हे कळल्यावर त्यांनी आमच्या कंपाउंडच्या व्यवस्थापकाला, पार्किंगमागच्या मोकळ्या जागेसाठी तसंच काही करता येईल का, असं अतिशय नम्रपणे विचारलं. व्यवस्थापक इजिप्शियन. त्याने 'इन्शाल्लाह' म्हटलं आणि विषय कायमचा मिटला.

शेवटी इनटेक एकदाचा घेतला. बंद डब्याचा, कोरड्या फिल्टरचा, शिकवणी न लागणारा. सनाईयातल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, गॅरेजमध्ये पेशावरकडच्या उस्तादाने अर्ध्या तासात बसवला आणि विचारलं, "साब, इस से होगा क्या?" मस्टँगराव सांगू लागले. उस्तादाने शांतपणे दुसरी गाडी खोलायला घेतली.

फरक पडला. गाडी हुंकार भरू लागली. वाढीव दहा-पंधरा घोडे ठाणबंदच राहिले, कारण त्यांना पळायला रस्ता हवा, आणि रस्त्यावर साहेरचे वेग मोजणारे कॅमेरे. सौदीत बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली २४ जून २०१८ ला; त्यानंतर वहिनी गाडी शिकल्या, त्यांची साधी यारिस आहे. कॅमेऱ्याखालून दोघंही एकशेवीसच्या आत जातात. "आवाज वाढलाय, बाकी आपण तेवढ्यातच पोचतो," हा वहिनींचा चाचणी अहवाल.

खरी परीक्षा झाली ती अभाला. तेराशेहून अधिक किलोमीटर, वाटेत रियाध, आणि शेवटी असीरचे डोंगर. सौदीतलं हे आपलं महाबळेश्वर, उंची मात्र त्याहून बरीच जास्त, सुमारे २२०० मीटर. ओबीडीचा डोंगल लावून मस्टँगराव फोनवर आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहत होते. खोबरला ४६ होतं, इथे ३०. त्यांनी गाडी बाजूला घेऊन फोटो काढला. तेवढ्यात एक बबून येऊन कोमट बॉनेटवर बसला, त्याचाही काढला. मग चढणीवर पाय दाबला. गाडी गेली, पण जराशी आढेवेढे घेत. वहिनी म्हणाल्या, "अहो, खोबरला बरी पळायची की!"

रात्री हॉटेलात त्यांनी डोंगलच्या नोंदी नीट पाहिल्या. बाहेरच्या हवेचा दाब ७८ किलोपास्कल. खोबरला तो १०० असतो. सोळा अंशांच्या गारव्याने पाच टक्के हवा दिली होती आणि उंचीने बावीस टक्के काढून घेतली होती. थंड होती, पण हवाच कमी होती. वहिनी सांगतात, बराच वेळ ते गप्प होते. मग हळूच म्हणाले, "सुपरचार्जर लागेल."

पुढची फहस, म्हणजे गाडीची ठरावीक मुदतीने होणारी तपासणी, जवळ आली तेव्हा तिथे उगाच फेरफाराचा वाद नको म्हणून त्यांनी मूळ डबा परत बसवून घेतला. तो आजही तिथेच आहे. इनटेक कपाटावर आहे, आणि सुपरचार्जरच्या शीटचे रकाने माझ्या माहितीप्रमाणे आधीच्या दुप्पट झाले आहेत.

आखातात गाडी बाळगणाऱ्यांनी एवढं करावं. शमालचा मोसम आला की कागदी फिल्टर बदलावा, डब्याच्या तळातली वाळू पुसून घ्यावी, डब्याचं झाकण घट्ट बसलंय ना हे पाहावं. बाकीची चौकशी करायचीच असेल तर मस्टँगरावांकडे जा. चहाला बोलावलं असलं तरी जेवूनच जा.