प्रॅक्टिकलवाली

रायपूरच्या तात्यापाऱ्यात एखाद्या मराठी घरी गेलात आणि चहाच्या आधी दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला गेला, तर समजावं की घरात जीएनएमची, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाची, परीक्षा आली आहे. पट्टा कोपराच्या खळगीपासून अडीच सेंटिमीटर वर हवा, हे घरातली परीक्षार्थी मुलगी तुम्हाला सांगत नाही. ओठ हलवत स्वतःलाच बजावते. मग म्हणते, "काका, 140. बोलू नका हं, बोललं की वाढतं." काका बिचारे अजून बसलेसुद्धा नसतात धड.

थिअरीची तिला भीती नाही, ती पाठ होते. भीती आहे ती बाहेरून येणाऱ्या परीक्षक मॅडमची. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये किडनी ट्रे ठेवायचा राहिला, तर मॅडम काही बोलत नाहीत, नुसत्या चष्म्यावरून बघतात म्हणे. म्हणून पूजेच्या तबकात रोज ट्रे मांडला जातो: फोर्सेप्सच्या जागी सांडशी आणि स्वॅबच्या जागी वातींचा कापूस. आजींनी वाती वळायचं सोडून दिलंय. मोसंबीही कुणी खात नाही. स्नायूतलं इंजेक्शन 90 अंशांत, कातडीखालचं 45 अंशांत, कातडीतलं 10 ते 15 अंशांत, असे तिन्ही डोस प्रत्येक मोसंबीला मिळालेले असतात.

खरे हाल आजोबांचे. पेशंट पलंगावर असतानाच चादर बदलायची, हा परीक्षेतला हुकमी प्रश्न. त्यामुळे दुपारी डोळा लागला, की आजोबा एका कुशीवर ढकलले जातात, अर्धी चादर निघते, मग दुसऱ्या कुशीवर. "अगं, मला काही झालेलं नाही!" "आजोबा, पेशंटनं सहकार्य करायचं असतं." चादरीच्या कोपऱ्यांची मात्र अशी घडी घालते, की मिलिटरीवाल्यांनी येऊन बघावं. हात धुवायला तिला पूर्ण मिनिट लागतं. टाकी रिकामी झाली की आई ओरडते, आणि हिचा अजून अंगठाच चाललेला असतो.

पोस्टिंग मेकाहारात, म्हणजे आंबेडकर रुग्णालयात. उत्तरं इंग्रजीत द्यायची, वॉर्डात म्हातारीला छत्तीसगढीत "दाई, कहाँ पिराथे?" विचारायचं, आणि घरी येऊन धाकट्या भावाला मराठीत झापायचं. माझं मत विचाराल, तर यातली मधली परीक्षा सर्वांत अवघड, आणि त्यात ही पहिल्याच आठवड्यात पास झाली. तिचे गुण मात्र कुठे धरत नाहीत.

अमेरिकेत शिक्षण संपलं, की लायसन्ससाठी वेगळी परीक्षा. आपल्याकडे पास झालं, की राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी. महाराष्ट्र मंडळातल्या मावश्या म्हणतात, "चला, सुटलीस!" त्यांना नॉरसेट ठाऊक नसते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी 2020 पासून होणारी ही परीक्षा चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापते, म्हणजे अंदाजानं ठोकायची सोय नाही. शिवाय डिप्लोमावालीनं आधी किमान 50 खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षं काढलेली असावी लागतात.

आजोबांनी हे ऐकल्यावर घरातल्या खाटा मोजल्या. चारच भरल्या.