नानांची हलकी बंदूक

वडखळ नाक्यावर मुंबईहून आलेल्या रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक अलिबागला जातो, दुसरा गोव्याला. नाना कुठल्याच फाट्याला लागत नाहीत. ते टपरीवर बसून बंदूक निवडतात. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, नानांची निवडही त्याच सुमाराची. आधी काय पुरं होतं यावर नाक्यावर पैज लागली होती. पैज लावणाऱ्यांतले दोघे वयोमानाने गेले. पैज चालू आहे.

नाना म्हणजे एकच एक माणूस समजू नका. पेण-रोह्याच्या पट्ट्यात ज्या घरात वाडवडिलांची पीकसंरक्षणाची बंदूक आहे, त्या घरात एखादा नाना निपजतोच. आमच्या नानांकडे बाराबोरची दुनळी आहे. वडिलांनी ती डोंगराकडच्या शेतात डुकरं हुसकायला वापरली, तीही आकाशात बार काढून. नानांना ती पसंत नाही. का, तर वजन साडेतीन किलो.

"अरे, डोंगर चढायचा तर अशी धोंड खांद्यावर?" नाना विचारतात. नाना शेवटचा डोंगर चढले तो कनकेश्वरचा. लग्न झाल्यावर, जोडीने, पायऱ्यांनी.

दोष मोबाइलचा. अमेरिकेतले शिकारी पाठीवर बिऱ्हाड घेऊन आठ-आठ दिवस डोंगरात शिरतात, हे नानांनी त्यात पाहिलं. तिथे म्हणे बंदूक शिंप्याकडे सदरा टाकावा तशी अंगाच्या मापाने करून घेतात. पोलादी नळी आतून बारीक, वरून कार्बन फायबर गुंडाळलेलं. खटक्याची पेटी टायटॅनियमची. दस्ताही कार्बनचाच. सगळी मिळून अडीच किलो. तेव्हापासून नाना सराव म्हणून घरातलं मुसळ खांद्यावर टाकून नाक्यापर्यंत येऊ लागले. लोक विचारायचे, "नाना, हळद कोणाकडे आहे?"

गेल्या जानेवारीत शेतावर पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं घातलेलं आणि भोवती जाळ. मडकं शिजेपर्यंत बोलायला अर्धा तास असतो. नानांनी तो घेतला. बाजूला राहिलेली एक कच्ची शेंग त्यांनी चिमटीत धरली.

"हे समजा साडेसहा क्रीडमूर. २००७ सालचं काडतूस. लांबच्या नेमबाजीसाठीच काढलेलं. हजार यार्डांवर चकतीला लागतं. हजार यार्ड म्हणजे किती?"

"किती?"

"नऊशे चौदा मीटर!"

सगळ्यांनी अंधारात नऊशे चौदा मीटर पाहिले. त्यात खारबंदिस्तीचे दोन बांध होते, एक उघाडी होती आणि भावकीची म्हैस होती. पलीकडे डोलवीच्या पोलाद कारखान्याचे दिवे.

"म्हशीला लागली तर?" कोणीतरी काळजीने विचारलं. नानांनी ते ऐकलं नाही.

पुतण्या शाळेत विज्ञान शिकवतो. तो म्हणाला, "नाना, बंदूक हलकी तेवढा खांद्याला धक्का जास्त."

"म्हणून तर नळीच्या तोंडाला ब्रेक बसवतात."

"त्याचं वजन?"

"असेल शंभर ग्रॅम."

"आणि एवढ्या लांबचं दिसणार कसं?"

"दुर्बीण. पाऊण किलो."

"हात हलला तर?"

"पुढे दुपाया लावायचा. अर्धा किलो धर." नाना आता सावध झाले होते.

पुतण्याने काटकीने राखेत बेरीज मांडली. तीन किलो आठशे पन्नास. काडतुसं वेगळी. "म्हणजे आजोबांचीच बरी," तो म्हणाला. नानांनी काडतूस सोललं, दाणे तोंडात टाकले आणि मडकं फोडायला सांगितलं.

त्या बंदुकीने मारायचं काय, हा प्रश्न नाक्यावर विचारायचा नाही असा संकेत आहे. वन्यजीव कायदा आला १९७२ साली. हौसेची परवान्याची शिकार १९९१ च्या दुरुस्तीने संपली. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान, ते फणसाड, १९८६ पासून अभयारण्य आहे. पिकात शिरलेलं डुक्कर मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते. परदेशातून बंदूक मागवण्याची सवलत आहे, पण ती नामांकित नेमबाजांना. नाना नामांकित आहेत, पण नेमबाज म्हणून नाही. राहता राहिली देशी ३१५ रायफल. तिचा इतिहास नाना छान सांगतात: इंग्रजाने फौजेचं ३०३ रयतेला बंद केलं, म्हणून हे दुसरं काडतूस हिंदुस्थानात रुजलं. "पण जड आहे," असा शेवट ते करतात.

खरी गंमत पुढे आहे. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा होतात. २०२४ च्या लोकसभेला दुनळी गेली. मतदान ७ मे रोजी झालं, निकाल ४ जूनला लागला. नाना म्हणाले, विधानसभा तोंडावर आहे, आणून परत कशाला न्या? २० नोव्हेंबरला तेही मतदान झालं. मग नाना म्हणाले, झेडपी आहे, पंचायत समिती आहे. पोपटीच्या रात्री दुनळी ठाण्यातच होती.

आम्ही जेवून हात धूत होतो तेव्हा वालाच्या वाफ्यात सळसळ झाली. दोन मोठी डुकरं आणि मागे पिल्लं. नाना कुजबुजले, "हलू नका. वारा कुठून आहे बघा." नानींनी वारा बघितला नाही. त्यांनी तेलाचा रिकामा डबा उचलला, पोपटीच्या जाळातलं लाकूड घेतलं आणि डबा बडवत, शिव्या देत सरळ वाफ्यात घुसल्या. डुकरं डोंगराच्या दिशेने पसार झाली. वाल वाचले.

नानांनी खिशातून पोलिस ठाण्याची पावती काढून पुतण्याला दाखवली आणि पुन्हा जपून घडी घातली. गेली दोन वर्षं नाना बंदूक म्हणून हाच कागद खिशात बाळगतात, आणि त्याच्या वजनाबद्दल त्यांची अजून एकही तक्रार नाही.