डिस्क गेटवर थांबली आहे

पवईत राहणाऱ्या माणसाला साठा आणि पुरवठा यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खिडकीत उभे राहिले की ५४५ कोटी लिटरचा तलाव दिसतो. १८९० साली सुमारे साडेबारा लाख रुपये खर्चून बांधलेला. पण त्याचे पाणी पिण्यालायक नाही. मुंबईची तहान भागवणाऱ्या सात तलावांत त्याचे नाव नाही, आणि त्याच्या काठावरच्या नळाला पाणी येते ते दुसरीकडून. रोज दात घासताना हा धडा डोळ्यांपुढे असूनही प्रस्तुत लेखकाने ऑफिसात नवी डिस्क मागवली, हे त्याने आधीच कबूल केलेले बरे.

प्रस्तुत लेखक साकीविहार रोडवरच्या एका छोट्या कंपनीत ‘सिस्टिमवाला’ आहे. म्हणजे सर्व्हर बसला तरी त्यालाच बोलावतात आणि एसीतून पाणी गळले तरी त्यालाच. कंपनीचा हिशेब एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे व्हीएममध्ये चालतो. एकाच सर्व्हरच्या पोटात सहा-सात आभासी संगणक, वन-रूम-किचनमध्ये पडदे लावून संसार थाटावेत तसे. प्रत्येकाला वाटते, घर आपले एकट्याचेच.

महिनाअखेर आली की अकाउंट्सच्या मॅडम फोन करत. “अहो, तुमचं ते गोल अजून फिरतंय.”

गोल मॅडमच्या स्क्रीनवर फिरे, मालकी मात्र लेखकाची.

जुनी डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणारी. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. इथले थोडे, तिथले थोडे असे विखुरलेले वाचायचे तर सेकंदाला शंभरेक मागण्यांत तिचा दम निघतो. तेव्हा एसएसडी घ्यावी, असे ठरले. साहेबांनी सही केली, डिस्क आली, तिला हळदकुंकू लागले. आणि गोल फिरतच राहिले.

रविवारी भाचा आला. तो आयआयटीत एम.टेक. करतो आणि मेसला कंटाळला की मामाची आठवण काढतो. पोह्यांची दुसरी बशी संपवून त्याने विचारले, “मामा, मोजलंस का?”

“मोजायचं काय त्यात? हळू आहे ते दिसतंय की!”

भाच्याने लॅपटॉप ओढला आणि ‘एफआयओ’ चालवला. लिनक्समधली डिस्कची व्यवस्था सांभाळणाऱ्या येन्स आक्सबो यांनी लिहिलेले हे मोजमापाचे साधन. चार-चार किलोबाइटचे तुकडे कुठूनही वाचायला लावायचे आणि सेकंदाला किती जमले ते बघायचे. आधी मूळ सर्व्हरवर चालवले: डिस्क सुसाट. मग व्हीएमच्या आत: तीच डिस्क रांगायला लागली. तलाव काठोकाठ, नळ कोरडा.

सेटिंग्ज उघडल्या. व्हीएमला डिस्क जोडणाऱ्या कंट्रोलरपुढे लिहिले होते, आयडीई.

आयडीई हा डिस्क जोडण्याचा ऐंशीच्या दशकातला प्रकार. व्हीएममध्ये तो खराखुरा नसतोच. सॉफ्टवेअर त्याचे सोंग वठवते. टॉवरच्या गेटवर कुरिअरवाला आला की वॉचमन वही पुढे करतो: नाव, फ्लॅट, मोबाइल, कुठून, किती वाजता, सही. आयडीईच्या वहीतही निदान सहा रकाने: किती सेक्टर, पत्त्याचे तीन भाग, कुठली डिस्क, आणि शेवटी हुकूम. सोंगातली गंमत अशी की एकेक रकाना भरताना व्हीएमला थांबवून, तिला चालवणाऱ्या खालच्या हायपरव्हायजरला उठवावे लागते. शिवाय एक मागणी पुरी झाल्याशिवाय दुसरी आत नाही. वर एसएसडी हात जोडून उभी, खाली गेटवर वही चालू.

यावरचा उतारा ऑस्ट्रेलियाच्या रस्टी रसेल यांनी काढला. २००८ साली त्यांनी तो निबंधातून मांडला. नाव व्हर्टआयओ. आपण व्हीएममध्ये आहोत हे पाहुण्या संगणकाला सरळ सांगून टाकायचे आणि सोंग बंद करायचे. दोघांच्या सामाईक मेमरीत एक फळी. मागण्या तिच्यावर ओळीने ठेवायच्या आणि सगळ्यांची मिळून एकदाच बेल मारायची. पहाटे दुधाच्या पिशव्या येतात तसे.

“हे आयडीई कुठल्या गाढवाने ठेवलंय?” लेखक गरजला. भाच्याने व्हीएमच्या टिपणाकडे बोट दाखवले. ‘विंडोजला डिस्क दिसेना, म्हणून आयडीई. तात्पुरते.’ खाली लेखकाची आद्याक्षरे, चार वर्षांपूर्वीची तारीख.

विंडोजच्या इन्स्टॉलरला व्हर्टआयओचा ड्रायव्हर हाती दिल्याशिवाय डिस्क दिसत नाही, हे खरेच आहे. ड्रायव्हरची आयएसओ फाइल जोडायचा कंटाळा, एवढेच काय ते कारण.

शनिवारी रात्री लेखकाने बाणेदारपणे आयडीई खोडून व्हर्टआयओ लिहिले. निळा पडदा आला: ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. ड्रायव्हर आत नव्हताच, मग विंडोज स्वतःचेच घर कसे उघडणार? दोन तास देव आठवल्यावर भाच्याला फोन लागला. “मामा, परत आयडीई कर. मग एक जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोड.” वरातीआधी करवली पाठवावी तशी ती डिस्क आत गेली, तिच्या निमित्ताने ड्रायव्हर बसला, आणि मग मोठी डिस्क बिनबोभाट शिरली. सोमवारी मॅडमचा फोन आला नाही.

यश डोक्यात गेले. लेखकाने डिस्कपुढच्या मागण्यांची रांग ३२ वरून २५६ केली. पण जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम पवईलाही लागू आहे: डिस्क सेकंदाला २०,००० मागण्या उरकत असेल, तर ३२च्या रांगेत प्रत्येकीला १.६ मिलिसेकंद लागतात, २५६च्या रांगेत १२.८. डिस्क आधीच पूर्ण जुंपलेली असेल तर लांब रांगेने काम वाढत नाही, ताटकळणे वाढते. मग डिस्कपुढच्या तात्पुरत्या साठवणीला, म्हणजे कॅशला ‘अनसेफ’ लावून पाहिले. आकडे डोळे दिपवणारे! कारण ‘लिहिलंस का?’ विचारले की ही कॅश घरदुरुस्तीच्या कंत्राटदारासारखी ‘झालंच समजा’ म्हणते. सर्व्हरची वीज गेली की काय झाले नव्हते ते कळते. भाच्याने दोन्ही पूर्ववत करायला लावले.

ज्यांच्या ऑफिसात गोल फिरते आहे त्यांनी नवी डिस्क मागवण्याआधी व्हीएमचा कंट्रोलर कोणता आहे ते पाहावे, आणि हात लावण्याआधी बॅकअप घ्यावा. प्रस्तुत लेखकाने त्या शनिवारी तो घेतलेला नव्हता. मॅडमना हे अजून माहीत नाही.