चार नगरपालिकांचा ओढा

क्युपर्टिनो, कॅलिफोर्निया

तीर्थरूप नानांचे सेवेशी, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

फोनवरचे बोलणे दप्तरी राहत नाही, सबब येथील नदीकाठच्या फिरण्याचा वृत्तांत लेखी कळवावा, असा आपला हुकूम सौ.मार्फत पोचला, त्याची तामिली करीत आहे. आरंभीच खुलासा करून ठेवतो की, वाईच्या घाटावर जन्मभर कृष्णास्नान केलेल्या माणसापुढे ज्याला नदी म्हणण्याचे धैर्य होणार नाही, असा हा एक ओढा आहे, आणि उन्हाळ्यात त्यात घोटा बुडाला तरी पुष्कळ. परंतु एवढ्याशा पाण्यासाठी येथे जो सरंजाम मांडला आहे, तो पाहून मामलेदार कचेरीतल्या निवृत्त अव्वल कारकुनाचे अंतःकरण भरून यावे.

1776 च्या मार्च महिन्यात, म्हणजे आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्याच महिन्यात, दे आन्झा नामक स्पॅनिश सरदाराचा तळ या पाण्याकाठी पडला आणि त्याच्या तांड्यातील फाँट नावाच्या पाद्र्याने ओढ्याला कोपेर्तिनोच्या संत जोसेफचे नाव दिले. हा सतराव्या शतकातला इटालियन साधू प्रार्थनेत तल्लीन झाला की जमिनीपासून अधांतरी उचलला जाई, अशी आख्यायिका आहे. शिवाय स्वतः अभ्यासात मंद असूनही परीक्षांतून दैवयोगाने पार पडल्यामुळे तो परीक्षार्थींचा कैवारी मानला जातो. ज्या गावात मूल पाळण्यात असतानाच त्याच्या कॉलेजची चिंता सुरू होते, त्या गावाला नेमके याच संताचे नाव मिळावे, ही विधात्याची योजना अगाधच म्हटली पाहिजे. चिरंजीवास ही हकीकत सांगण्याची मला सौ.कडून सक्त मनाई आहे.

संताचे नाव गावाला राहिले आणि ओढा मात्र पुढे एलायशा स्टीफन्स या कप्तानाकडे गेला. 1844 साली बैल जुंपलेल्या गाड्या सिएरा नेवाडा पर्वतापलीकडे प्रथम आणल्या त्या याच्या तांड्याने; वाटेत माणूस तर दगावला नाहीच, उलट दोन अर्भके जन्मून शिरगणती वाढली. परंतु ज्या खिंडीतून त्या गाड्या चढल्या तिला नाव मिळाले ते दोन वर्षांनी तिच्याच पायथ्याशी बर्फात अडकून अन्नान्न करीत उद्ध्वस्त झालेल्या डॉनर मंडळींचे, आणि ज्या ओढ्याकाठी कप्तान वस्तीला राहिला त्याच्या सरकारी नावात ‘स्टीव्हन्स’ असे अशुद्ध लेखन कायम झाले. पुढे शेजार फार वाढला म्हणून कंटाळून तो बेकर्सफील्डकडे निघून गेला, असे सांगतात. आज येथील घरांचे भाव ऐकले असते तर त्याने तो निर्णय आणखी लवकर घेतला असता.

आता ट्रेलविषयी, म्हणजे या ओढ्याकाठच्या फिरण्याच्या वाटेविषयी. ओढ्यात स्टीलहेड नावाचा मासा येतो, जो गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा गोड्या पाण्यात परततो. ब्लॅकबेरी फार्म या सहलीच्या जागी पूर्वी मोटारी ओढ्यातल्या फरशी पुलांवरून पलीकडे जात. त्या फरशा माशाच्या वाटेत येतात असे ठरून नगरपालिकेने त्या उखडल्या, ओढ्याला वळणे घालून दिली आणि काठाने पायी व सायकलने जाण्याचा रस्ता काढला, ज्याचा पहिला टप्पा 2009 साली खुला झाला. वाटेवर एका ओकच्या खोडाला सुतारपक्ष्यांनी शेकडो भोके पाडली आहेत आणि प्रत्येक भोकात ओकचे एकेक फळ असे गच्च ठोकले आहे की, नखाने उकरू जावे तर नखच दुखावते. फळ वाळून आक्रसले की पक्षी ते उपसून लहान भोकात बदली करतो. इतकी चोख कोठारव्यवस्था आपल्या कचेरीतही नसावी (राग नसावा).

सध्या सौ.च्या मातोश्री येथे मुक्कामास आहेत. इरकली लुगडे आणि पायात पांढरे बूट अशा वेशात त्या ट्रेलच्या बरोबर मध्यरेषेवरून चालतात. मागून येणारा सायकलस्वार डावीकडून पुढे जात असल्याची वर्दी तोंडाने देतो. ती वर्दी म्हणजे वडीलधाऱ्यांना केलेला नमस्कार अशी त्यांची समजूत असल्यामुळे त्या थांबतात, मागे वळतात आणि हात जोडून प्रतिनमस्कार करतात. बिचारा उतरतोच. मॅकलेलन रँचजवळच्या सार्वजनिक वाफ्यांपैकी एकात त्यांना मेथी दिसली, तेव्हा कुंपणापलीकडच्या अनोळखी गृहस्थास, पहिली खुडणी उशिरा झाल्याबद्दल, त्यांनी शुद्ध मराठीत समज दिली. गृहस्थाने मान डोलावली.

परंतु आपल्याला रस वाटेल असा भाग पुढेच आहे. आमच्या हद्दीत हा ट्रेल जेमतेम मैलभर. तिकडे माउंटन व्ह्यूने आपल्या हद्दीत उपसागरापासून पाचएक मैल, हमरस्त्यांवरून पूल टाकीत, मोठ्या इतमामाने बांधून काढला. मधल्या मुलखात सनीव्हेल आणि लॉस आल्टोस यांचा अंमल असून तेथे ओढा आहे, ट्रेल नाही; कारण पुष्कळ ठिकाणी घरांची परसे थेट काठाला भिडलेली, आणि मागील दारी परक्यांची वर्दळ नको असे रहिवाशांचे म्हणणे. चारही नगरपालिकांनी एकत्र बसून मोजणी केली, जाहीर सभा भरवल्या, हरकती नोंदवून घेतल्या आणि 2015 साली अहवाल छापला. त्या अहवालावर सायकल चालवता येत नसल्यामुळे आम्हांस आमच्या मैलाच्या टोकाशी मोटारींच्या लोंढ्यासमोर उतरावे लागते. विनापरवाना चारही हद्दी ओलांडणारा काय तो मासा, आणि त्यालाही वरच्या अंगाला 1935 सालच्या धरणाने अडवून ठेवले आहे.

ही सारी कैफियत ऐकून सासूबाई म्हणाल्या, “व्याह्यांना कळवा. शिवेचे तंटे मिटवण्यात त्यांची हयात गेली.” तेव्हा कृपा करून चारही नगरपालिकांस उद्देशून एक अर्जाचा मसुदा करून पाठवावा, इंग्रजी तर्जुमा मी करीन. मजकूर नेहमीप्रमाणे नरम असावा, पण शेवटच्या कलमात वरिष्ठांकडे दाद मागण्याचा इशारा राहू द्यावा. वरिष्ठ कोण, ते नंतर पाहू. मसुद्यासोबत आईने मेतकूट पाठवल्यास पुडी वेगळी बांधावी. मागील खेपेच्या कागदांना अद्याप हिंगाचा वास आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक