माधवनगरचे टक्केसर

मिरज–पुणे लोहमार्गावरील आणि सांगलीला खेटून असलेले माधवनगर हे गाव बंद पडलेली कॉटन मिल, यंत्रमागांची खडखड आणि बाजारपेठ यांच्यामुळे जिल्ह्यात ओळखले जात असले, तरी तेथील एका मनुष्यविशेषाची नोंद अभ्यासकांनी अद्याप घेतलेली दिसत नाही. हा मनुष्यविशेष बहुधा निवृत्त गणितशिक्षक असतो, क्वचित बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला अधिकारीही असू शकतो. आणि 'पाऊस येईल का हो?' या साध्या प्रश्नाला तो 'येईल' किंवा 'नाही' असे उत्तर न देता टक्क्यांत देत असल्यामुळे गाव त्याला 'टक्केसर' म्हणते.

टक्केसरांचे सारे शास्त्र दहावीच्या पुस्तकातील एका व्याख्येवर उभे असते. एखाद्या प्रयोगात जे जे घडू शकते त्या प्रत्येकाला निष्पत्ती म्हणतात, सर्व निष्पत्तींच्या संचाला नमुना अवकाश म्हणतात, आणि हव्या असलेल्या निष्पत्तींच्या संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागले की त्या घटनेची संभाव्यता मिळते; मात्र त्यासाठी सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, असाव्या लागतात. सरांचा भागाकार आजवर कोणी चुकीचा ठरवलेला नाही. त्यांचे जे काही बिनसते ते या 'मात्र'च्या पुढे बिनसते, कारण नाणी आणि फासे सोडले तर माधवनगरात समसंभाव्य असे फारसे काही घडतच नाही.

याचे सर्वोत्तम उदाहरण ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत पाहावयास मिळते. कोणत्याही २३ व्यक्ती एकत्र आल्या, तर त्यांपैकी किमान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची संभाव्यता निम्म्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ५०.७ टक्के असते, हा निष्कर्ष ऐकणाऱ्याला खोटा वाटतो. आणि तो खोटा वाटावा म्हणूनच सर तो सांगतात. २३ व्यक्तींच्या २५३ जोड्या होतात, हे ते फळ्यावर लिहिल्यासारखे हवेत बोट फिरवून पटवून देतात, आणि मग पडताळणीसाठी एकेकाची जन्मतारीख विचारू लागतात. पहिला म्हणतो १ जून, दुसरा म्हणतो १ जून, तिसरा नुसताच हसतो. जन्माची नोंद नसलेल्या काळात शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी वय जुळवून १ जून ही तारीख लिहून टाकण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्रास होती, आणि त्यामुळेच सरकारी कचेऱ्यांतून ३१ मे या एका दिवशी माणसे घाऊक निवृत्त होतात, हे सांख्यिकीच्या पाश्चात्त्य लेखकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. 'सर, आमच्यात केक एकच आनतात बगा,' असे एखाद्या निवृत्त तलाठ्याने म्हटल्यावरही सर खचत नाहीत. ते वहीत 'शालेय तारीख' आणि 'खरी तारीख' असे दोन रकाने आखतात. दुसऱ्या रकान्यात 'बेंदराच्या आदल्या दिवशी' अशी माहिती येते. सांगलीच्या परिसरात कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात येत असल्यामुळे या माहितीत महिनाभराची अनिश्चितता शिल्लक राहते, आणि ती मोजण्यात सरांचा उरलेला आठवडा आनंदात जातो.

टक्केसरांचे दैवत म्हणजे सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सगळे शिवार न कापता निवडक तुकडे कापून पिकाचा अंदाज बांधण्याच्या पद्धतीवर सुखात्म्यांनी मूलभूत काम केले. तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे आत मोजली जातात आणि उत्पन्न आहे त्यापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी दाखवून दिले. सरांना हा सिद्धांत इतका प्रिय असतो की ते तो स्वयंपाकघरातही नेतात आणि शितावरून भाताची परीक्षा करणे हे किती धोक्याचे आहे, यावर सौभाग्यवतींना व्याख्यान देतात. सौभाग्यवती पातेल्याच्या तळातले, मधले आणि कडेचे अशी तीन शिते चेपून पाहून गॅस बंद करतात. समष्टीचे वेगवेगळे थर पाडून प्रत्येक थरातून नमुना घेण्याच्या या रीतीला स्तरित नमुना निवड म्हणतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि सरांनी तर ते सांगणे शक्यच नसते.

पुराच्या दिवसांत मात्र गावाला सरांची खरी गरज भासते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट असून २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा 'असा पूर शंभर वर्षांतून एकदाच' ही समजूत घेऊन जो तो निर्धास्त झाला. आणि २०२१ साली पाणी पुन्हा दारात आले. शंभर वर्षांतला पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का संभाव्यता असलेला पूर, यंदा येऊन गेला म्हणून पुढल्या वर्षी त्याला सुट्टी नसते, आणि ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, हे सर अगदी बरोबर सांगतात. सांगलीच्या गावभागातून गाद्या घेऊन आलेले नातेवाईक ते मान डोलावून ऐकतात आणि चहा कधी होणार ते विचारतात.

सरांची कीर्ती मात्र यांपैकी कशानेच नव्हे, तर मटक्याने वाढते. न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावांवर मुंबईत लागणाऱ्या पैजांतून जन्मलेला हा जुगार १८८७ च्या कायद्याने निषिद्ध असल्यामुळे सर तो खेळत नाहीत, केवळ त्याचे विवेचन करतात. ० ते ९ पैकी तीन अंकांच्या, क्रम न धरता पण पुनरुक्ती चालवून, २२० जुळण्या होतात; त्यांना पाने म्हणतात. त्यांच्या बेरजेच्या एकम स्थानावरून आकडा ठरतो. प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर २२ पाने येतात. म्हणजे येथे तरी सारे समसंभाव्य आहे, याचा सरांना कोण आनंद होतो! संभाव्यता दहात एक आणि रुपयाला मिळणार नऊ, म्हणून दीर्घकाळ खेळणाऱ्याचे रुपयामागे सरासरी दहा पैसे जाणार. या सरासरीला अपेक्षित मूल्य म्हणतात. ऐकणारा यंत्रमाग कामगार एवढेच विचारतो, 'म्हंजे सर, दहात कितीचा चान्स?' सर म्हणतात, 'एक.' तो एक्का लावतो.

दहा वेळांतून सरासरी एकदा एक्का येतोच. हरलेले नऊ जण सरांकडे फिरकत नाहीत, आणि जिंकलेला पेढ्यांचा पुडा घेऊन येतो. जे डोळ्यांपुढे येतात त्यांच्यावरूनच निष्कर्ष काढल्याने होणाऱ्या चुकीला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात, हे सर त्याला पेढा खाता खाता समजावून सांगतात. आणि बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडून गेलेला शेवटचा आकडा कोणता होता, यावर बाहेर ओट्यावर थांबलेल्या मंडळींत वाद सुरू होतो.